पाच हजारांचं मशीन आणि दहा फूट खोल सोनं

गेल्या दिवाळीपासून एक मेसेज निदान सहा ग्रुपांवरून माझ्यापर्यंत पोहोचलाय. त्याचा सारांश असा: ऑनलाइन पाच-सात हजारांत मेटल डिटेक्टर मिळतो. दहा फूट खोलवरचं सोनं दाखवतो. 'गोल्ड'वर लावला की फक्त सोन्यावरच वाजतो. दुप्पट किमतीचा घेतला तर दुप्पट खोल जातो. परवडत नसेल तर मोबाइलचं ॲपही चालतं. जुना वाडा, गडाचा पायथा अशा ठिकाणी अमावस्येच्या रात्री फिरवा, सापडलं ते आपलं. खाली हंड्यातून सांडणाऱ्या मोहरांचा फोटो.

असलंच एक स्वस्त मशीन मी चार वर्षं वापरतोय. त्यातून आजवर निघालेला ऐवज म्हणजे खिळे, बाटल्यांची बुचं, गोळ्यांच्या पाकिटांचा चंदेरी कागद, विळ्याचं एक पातं, आणि आत्याची भुईमुगाच्या वाफ्यात हरवलेली अंगठी. अंगठी चार बोटं खोल होती. मशीन वाईट नाही, हे आधीच सांगतो. मेसेज वाईट आहे.

दहा फुटांपासून सुरुवात करू, कारण बाकीचा डोलारा त्यावरच उभा आहे. कॉइलमधून, म्हणजे मशीनच्या खालच्या चकतीतल्या तारेच्या वेटोळ्यातून, दर सेकंदाला काही हजार वेळा दिशा बदलणारी वीज वाहते आणि खाली जमिनीत चुंबकीय क्षेत्र तयार होतं. त्या क्षेत्रात धातू आला की त्याच्या अंगात विजेचे छोटे भोवरे उठतात. भोवऱ्यांचं स्वतःचं क्षीण क्षेत्र परत वर येतं, ते दुसरी कॉइल टिपते आणि मशीन वाजतं. म्हणजे हा जाऊन-येऊन प्रवास आहे. कॉइलपासून जरा दूर गेलं की अंतर दुप्पट झाल्यावर जाणारं क्षेत्र आठव्या हिश्श्यावर येतं, आणि परत येणारंही पुन्हा आठव्या हिश्श्यावर. दोन्ही मिळून सिग्नल उरतो चौसष्टावा हिस्सा. एका विती खोल असलेलं नाणं जेमतेम ऐकू येत असेल, तर दोन विती खोल गेलेलं नाणं त्या मशीनपुरतं नाहीसंच झालं.

म्हणून नाण्याएवढ्या वस्तूसाठी साधा अंदाज असा: कॉइलच्या व्यासाएवढी खोली मिळाली तरी खूप झालं. स्वस्त मशीनला सात-आठ इंची कॉइल असते, तेव्हा हिशेब पाच-सात इंचांचा धरा. हंडा किंवा पत्र्याचा डबा मोठा असल्याने दोन-तीन फुटांवरही कुरकुर करेल. खोक्यावर मीटरमध्ये लिहिलेली खोली अशाच मोठ्या पत्र्यासाठी असते. फोटोतल्या मोहरांसाठी नसते.

दुप्पट किंमत, दुप्पट खोली हा दावाही त्याच चौसष्टाव्या हिश्श्यात अडकतो. जास्तीच्या पैशांत खोली वाढते ती दोन-चार बोटं. खरे पैसे जातात ते एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सी वापरण्यात, खिळ्याशेजारचं नाणं वेगळं ऐकू येण्यात, पाण्यात बुडवता येणाऱ्या कॉइलमध्ये, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ग्राउंड बॅलन्समध्ये.

मेसेजमध्ये या ग्राउंड बॅलन्सचा उल्लेखच नाही, आणि आपल्याकडे नवख्याची खरी फजिती इथेच होते. व्हिडिओतला माणूस इंग्लंडमधल्या नांगरलेल्या शेतात उभा असतो. आपण उभे असतो बेसॉल्टवर किंवा बेसॉल्टपासून झालेल्या काळ्या मातीवर. तिच्यात लोहयुक्त चुंबकीय खनिजं भरपूर. कोकणातल्या जांभ्यात तर लोहाची ऑक्साइडंच ठासून भरलेली. मशीनला ही अख्खी जमीनच एक भला मोठा, धूसर धातू वाटते. ग्राउंड बॅलन्स म्हणजे 'हा आवाज जमिनीचा आहे, तो वजा कर' असं मशीनला सांगणं. अगदी स्वस्त मशीनमध्ये ही सोय कारखान्यातच एका ठिकाणी पक्की करून ठेवलेली असते. ती आपल्या मातीशी जुळली नाही की कॉइल खाली आणताच किरकिर सुरू. मग नवखा माणूस वैतागून सेन्सिटिव्हिटी आणखी वाढवतो. करायचं असतं उलट: किरकिर थांबेपर्यंत ती कमी करायची. त्यात एखादं बोट खोली गेली तरी जाऊ द्यावी. घेतानाच माझ्यासारखी चूक करू नका. हजार-दोन हजार जास्त गेले तरी चालतील, पण ग्राउंड बॅलन्सचं बटण किंवा खुंटी हाताशी असलेलं मशीन बघा. चमकता डिस्प्ले नसला तरी काही अडत नाही.

समुद्रकिनाऱ्याचंही तसंच. खाऱ्या ओल्या वाळूतून वीज वाहते, त्यामुळे एकाच फ्रिक्वेन्सीवर चालणारं मशीन तिथे वेड्यासारखं वाजतं. भरतीच्या रेघेच्या वर, कोरड्या वाळूत राहा. रत्नागिरीकडच्या किनाऱ्यांवर इल्मेनाइट या लोहयुक्त खनिजाची काळी वाळू आहे, तिथे कोरड्यातही धीर धरावा लागतो.

आता 'गोल्ड'चं बटण. मशीनला सोनं कळत नाही. वस्तू वीज किती सहज वाहू देते आणि ती केवढी आहे, यांवरून ते एक आकडा काढतं. लहान सोन्याची अंगठी आणि ॲल्युमिनियमचा चुरगळलेला कागद यांचे आकडे शेजारी-शेजारी येतात, कधी एकच येतात. कचरा नको म्हणून तो पट्टा बंद केलात तर अंगठीही गेली. आत्याच्या अंगठीआधी मी त्याच वाफ्यातून चंदेरी कागदाचे अकरा तुकडे काढले होते, सगळे 'गोल्ड' म्हणून.

आणखी एक गंमत. अमेरिकी बाजारासाठी बनवलेल्या मशीनवर सेंट-डॉलरचे शिक्के असतात आणि लोखंड वगळण्याची सोय असते. ती सोय त्यांच्या नाण्यांना धरून केलेली. आपलं रुपयाचं स्टीलचं नाणं चुंबकाला धरून बघा, पटकन चिकटेल. लोखंड वगळा म्हटलं की मशीन आपलं चलनच वगळायला बघतं किंवा उड्या मारणारे आकडे दाखवतं. म्हणून पहिले काही महिने काहीही वगळू नका. सगळं ऐका, सगळं खणा, कान तयार होऊ द्या.

ॲपचं प्रकरण दोन ओळींत संपतं. फोनमध्ये होकायंत्रासाठी चुंबकीय सेन्सर असतो, त्याला लोखंड जवळ आल्याचं कळतं. सोनं, चांदी, तांबं यांपैकी काहीच चुंबकीय नाही.

याच मेसेजची एक मोठी आवृत्ती फिरते, तिच्यात अँटेनाचं 'लाँग रेंज' यंत्र शंभर मीटरवरून सोनं दाखवतं. ते घेण्याआधी एडीई ६५१ची कथा वाचा. बॉम्ब शोधणारं म्हणून ते इराकला विकलं गेलं, प्रत्यक्षात ती मुठीवर फिरणारी नुसती दांडी होती. विकणाऱ्या जेम्स मॅकॉर्मिकला २०१३ साली ब्रिटनमध्ये दहा वर्षांची शिक्षा झाली. खऱ्या यंत्रालाही मर्यादा असतातच. १८८१मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफील्ड यांच्या अंगातली बंदुकीची गोळी शोधायला स्वतः अलेक्झांडर ग्रॅहम बेल यंत्र घेऊन आला होता. पलंगाच्या गादीतल्या पोलादी तारांनी घोळ घातला, डॉक्टरांनी शोधू दिलं तेही एकाच बाजूला. गोळी सापडली नाही.

उरले गड आणि अमावस्या. अमावस्येचा सिग्नलशी संबंध शून्य. पण मेसेजमधलं हे सगळ्यात घातक वाक्य आहे, कारण गुप्तधनाच्या नावाखाली आपल्याकडे काय काय झालंय ते सगळ्यांना माहीत आहे. २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत गुप्तधनाच्या शोधासाठी केलेल्या अघोरी कृत्यांचा वेगळा उल्लेख आहे, आणि शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत आहे.

संरक्षित गडावर खणायला १९५८च्या केंद्रीय कायद्याने बंदी आहे, राज्याच्या ताब्यातल्या स्मारकांना १९६०चा राज्याचा कायदा आहे. मार्च २०२५मध्ये बऱ्हाणपूरजवळ असीरगडच्या परिसरात मुघलांच्या सोन्याची अफवा उठली आणि लोक रात्री टॉर्च, डिटेक्टर घेऊन दुसऱ्याच्या शेतात खड्डे करत सुटले. नुसता कुतूहलाचा खड्डासुद्धा पुरातत्त्वाचं नुकसान करतो: नाणं कोणत्या थरात होतं, शेजारी कोणतं खापर होतं, हे एकदा उकरलं की परत मिळत नाही.

'सापडलं ते आपलं' हे स्वतःच्या शेतातही खरं नाही. १८७८चा निखात निधी कायदा अजून लागू आहे. जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून जास्त मोलाची वस्तू मिळाली तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. लपवलं तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. कळवलं, आणि कुणी मूळ मालक पुढे आला नाही, तर शोधणाऱ्यालाही हिस्सा मिळतो. सरकारने ती वस्तू ठेवून घेतली तर धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा भाग द्यायची तरतूद आहे. चोरून विकणाऱ्याला सोनार त्याहून जास्त देईल असं मला वाटत नाही.

हे सगळं एका ग्रुपवर लिहिलं, तर एका काकांनी दुपारपर्यंत वाचून एवढंच उत्तर दिलं: "ते ठीक आहे रे, पण घेऊ कुठलं ते सांग." म्हटलं, काका, आधी माझं घेऊन जा. परसात रुपयाचं नाणं, काकूंची एखादी जुनी पितळी वाटी, गोळ्यांच्या पाकिटाचा कागद, एक खिळा असं दोन, चार, सहा इंचांवर पुरा आणि खुणेच्या काड्या लावा. कॉइल जमिनीला जवळजवळ टेकवून, सावकाश, मागच्या फेरीवर अर्धी चढवत फिरवा. हवेत झोके देऊ नका. चार दिवसांनी कुठल्या काडीवर काय वाजलं ते मला सांगा. काकांचा तिसऱ्या दिवशी फोन आला. सहा इंचांवरचा खिळा सापडत नव्हता, आणि चिमणीने काड्या उपटून नेल्या होत्या.