हयातीचा दाखला

माझ्या घरात, माझ्याच लॅपटॉपनं, तिसऱ्या मजल्यावरच्या काकांदेखत मला सांगितलं की यादीत तुमचं नाव नाही. चार दिवस झाले, अजून घास घेताना आठवतं.

लॅपटॉप 2014 चा. बॅटरी सोडली तर धडधाकट. पण विंडोज 10 चा पाठिंबा 14 ऑक्टोबर 2025 ला संपला आणि विंडोज 11 ला आठव्या पिढीपासूनचा इंटेल प्रोसेसर लागतो, वर टीपीएम 2.0 नावाची सुरक्षा चिप पण. म्हणजे हिंडत्याफिरत्या माणसाला घरी बसवायचं. चिडून मी विंडोज काढून डेबियन टाकलं, म्हणजे फुकटातलं लिनक्स. (ते सुरू करणाऱ्या इयान मर्डॉकनं 1993 साली मैत्रीण डेब्राचं आणि स्वतःचं नाव जोडून हे नाव ठेवलं. आपल्याकडे दोन नावं जोडून बंगल्याच्या फाटकावर लावतात, त्यातलाच प्रकार. बंगल्याचं निदान वायफाय तरी चालतं.)

माझं चालेना. वायफाय कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारा प्रोग्रॅम, इंटरनेटवरून उतरवायचा आणि इंटरनेट त्या ड्रायव्हरशिवाय नाही. लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही, वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही. शेवटी मोबाइल केबलनं जोडून नेट घेतलं आणि काळ्या खिडकीत हुकूम टाइप करणार, तोच काका आले. नोव्हेंबर म्हणजे पेन्शनवाल्यांनी जिवंत असल्याचं सिद्ध करायचा महिना. त्यांना हयातीच्या दाखल्याचा फॉर्म छापून हवा होता.

"दोन मिनिटं बसा काका," म्हणालो. इथेच चुकलं. ते खुर्ची ओढून थेट स्क्रीनसमोर बसले.

लॅपटॉपनं पासवर्ड विचारला. मी टाइप केला.

"कीबोर्ड गेला तुझा."

"नाही हो, पासवर्ड इथे दिसत नाही."

"बँकेत ठिपके तरी दिसतात."

"इथे ठिपकेपण नाहीत. किती अक्षरं आहेत तेही कळू नये म्हणून."

"फुकटच्या वस्तूत ठिपकेसुद्धा देत नाहीत?"

एंटर दाबलं. उत्तर आलं, की सुडोच्या, म्हणजे मालकाच्या अधिकारानं हुकूम सोडू शकणाऱ्यांच्या, यादीत या वापरकर्त्याचं नाव नाही. काकांनी चष्मा कपाळावर चढवून सावकाश वाचलं. चाळीस वर्षं सरकारी फायली वाचलेला माणूस.

"मालक कोण याचा?"

"मीच."

"मग यादीत का नाहीस?"

आता काय सांगणार! इन्स्टॉल करताना मी शहाणपणा करून रूटला, म्हणजे मशीनच्या सर्वाधिकारी खात्याला, वेगळा पासवर्ड दिला होता. तसा दिला की डेबियन साध्या वापरकर्त्याला सुडोचे अधिकार देत नाही. चूक माझीच, पण हे मी काकांना समजावत बसलो, ही त्याहून मोठी चूक.

"म्हणजे घर तुझं, राहतोस तू, पण सात-बाऱ्यावर नाव दुसऱ्याचं," ते म्हणाले. "तलाठ्याला भेट."

"तो रूट म्हणजेही मीच आहे, काका."

"मग स्वतःलाच अर्ज कर."

अर्ज केला. म्हणजे रूट होऊन ड्रायव्हर टाकला. तो या मशीनवर आधी तयार व्हावा लागतो. पंखा मिक्सरसारखा ओरडत होता. तोवर काकांचा चहा संपला, बिस्किटं संपली आणि काकाही उठले.

वायफाय आलं तेव्हा घरात मी एकटाच.

संध्याकाळी काका लिफ्टमध्ये भेटले. हातात फॉर्म, झेरॉक्सवाल्याकडून दहा रुपयांत दोन प्रती. त्या पोराच्या मशीनवर अजून विंडोज 7 आहे. त्याचा पाठिंबा संपला जानेवारी 2020 मध्ये.

"त्याला काही विचारत नाही रे ते," काका म्हणाले. लिफ्टमध्ये आणखी तिघं होते.