फ्लाय मारलाय म्हणजे पडायचं टेन्शन नाही? थांबा जरा

डीएनडी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, डाइस टाकून खेळायचा कल्पित साहसाचा खेळ) खेळणाऱ्या जवळपास प्रत्येकापर्यंत एव्हाना तो मेसेज पोचलाच असेल. नसेल पोचला तर थोडक्यात सांगतो. म्हणणं असं की फ्लाय स्पेल (उडवणारा मंत्र) लागलेलं कॅरॅक्टर कधी पडूच शकत नाही, कारण त्याला प्रोन केलं (आडवं पाडलं) तरी ते हवेतच राहतं, स्पेल संपलाच तर जादू आपोआप हळूहळू खाली उतरवते, आणि समजा पडायला लागलंच तर पुढच्या टर्नला (पाळीला) परत सावरता येतं, त्यामुळे फीदर फॉल (पडणं हळू करणारा स्पेल) घेणं म्हणजे शुद्ध वेडेपणा. वर शेवटी ठोकून दिलंय की खेळाच्या सगळ्या एडिशनला आणि पाथफाइंडर या तसल्याच दुसऱ्या खेळालासुद्धा हेच लागू. लोक हे वाचून बिनधास्त दीडशे फुटांवर चढतात आणि मग डीएमने (खेळ चालवणाऱ्याने) डाइस उचलले की भांडायला उठतात, म्हणून एकदा नीट बोलूया.

पहिला मुद्दा, प्रोन केलं तरी पडत नाही. हे बरोबर आहे! हा मेसेज इतका पसरलाय तो त्यामुळेच, सुरुवातच खऱ्या वाक्याने होते ना. पाचव्या एडिशनच्या २०१४ च्या प्लेयर्स हँडबुकमध्ये नियम असा आहे की उडणारा प्राणी प्रोन झाला, त्याचा स्पीड ० झाला किंवा दुसऱ्या कशामुळे त्याला हलताच येईना, तर तो पडतो. अपवाद दोन, ज्यांना होव्हर करता येतं (एका जागी तरंगता येतं) ते आणि ज्यांना जादूने वर धरून ठेवलंय ते, आणि दुसऱ्याचं उदाहरण म्हणून तिथे फ्लायचंच नाव आहे. २०२४ च्या पुस्तकात तर थेट स्पेलमध्येच होव्हर टाकलंय. म्हणजे पंखवाल्या आराकोक्राला (पक्ष्यासारख्या प्राण्याला) कुणी हवेत ग्रॅपल केलं (झटापटीत पकडलं) तर स्पीड ०, आणि ग्रॅपल करणाऱ्यानेच धरून ठेवलं नाही तर तो दगडासारखा खाली, पण फ्लाय लागलेला फायटर (लढवय्या) तिथेच लटकत राहणार. इथपर्यंत शंभर टक्के मान्य.

पण जादूने धरलंय म्हणजे कुणी धरलंय हे कोण विचारणार? फ्लाय कॉन्सन्ट्रेशनचा स्पेल आहे (म्हणजे तो चालू ठेवायला सतत लक्ष एकाग्र ठेवावं लागतं), जास्तीत जास्त १० मिनिटं, आणि ते कॉन्सन्ट्रेशन ज्याने स्पेल टाकला त्याचं. सगळा खेळ इथे आहे आणि मेसेजमध्ये याचा नेमका एक शब्दही नाही. विझार्डने (जादूगाराने) फायटरवर फ्लाय टाकला आणि फायटर वर बेशुद्ध झाला तर २०१४ च्या नियमाने तो पडत नाही, बेशुद्ध अवस्थेत हवेत तरंगत राहतो, दिसायला विचित्र पण नियम तसाच आहे. उलट विझार्डने स्वतःवरच टाकला असेल आणि तो बेशुद्ध झाला तर कॉन्सन्ट्रेशन त्याच क्षणी तुटतं, स्पेल संपतो आणि तो पडतो. स्पेल तोच, उंची तीच, आणि दोघांचं नशीब वेगळं. त्यात विझार्डचे हिटपॉइंट (जीव किती उरलाय तो आकडा) आधीच ०, वरून १०० फूट म्हणजे १०डी६ (दर १० फुटांना एक सहा बाजूंचा डाइस), सरासरी ३५ डॅमेज. त्याचे मॅक्स हिटपॉइंट ३० असतील तर डेथ सेव्ह (मरण टाळायला टाकायचे डाइस) वगैरे विसरा, डॅमेज मॅक्सएवढा किंवा जास्त झाला की जागेवर मेला.

आणि बेशुद्ध व्हायचीसुद्धा गरज नाही हो. समजा विझार्ड जमिनीवर झुडपामागे लपलाय, फायटर १२० फुटांवर मजेत उडतोय, त्याला कुणी हातही लावला नाहीये. एका गॉब्लिनने झुडपात बाण सोडला, विझार्डला ५ डॅमेज. कॉन्सन्ट्रेशन टिकवायला कॉन्स्टिट्यूशन सेव्ह (तब्येतीच्या जोरावर टाकायचा डाइस), डीसी म्हणजे गाठायचा आकडा १० (किंवा डॅमेजच्या निम्मं, जे जास्त असेल ते), डाइसवर ४ आले, संपलं. फायटरला १२डी६, सरासरी ४२, आणि वर प्रोन होऊन पडला ते वेगळंच. पाचव्या लेव्हलचा स्लॉट (स्पेल टाकायची मोजकी ताकद) वापरून तिघांना उडवलं असेल तर तिघंही एकाच वेळी खाली येणार, कारण कॉन्सन्ट्रेशन एकच. गॉब्लिनला माहितीही नाही की त्याने काय केलं.

दुसरा मुद्दा, स्पेल संपला की जादू हळूहळू उतरवते. नाही उतरवत. पाचव्या एडिशनच्या फ्लायमध्ये स्पष्ट लिहिलंय की स्पेल संपताना टार्गेट हवेत असेल तर ते पडतं, दुसऱ्या कशाने पडणं थांबवता आलं तर गोष्ट वेगळी. मग ही हळू उतरण्याची कल्पना आली कुठून? ३.५ या जुन्या एडिशनमधून. तिथे फ्लायची मुदत संपली तर जादू हळूहळू विरायची, १डी६ राउंड (सगळ्यांची एकेक पाळी म्हणजे एक राउंड) ६० फूट दर राउंडच्या वेगाने खाली यायचं, तेवढ्यात जमीन आली तर सुखरूप, नाही आली तर उरलेलं अंतर पडायचं. डिस्पेल झाला (दुसऱ्या जादूने मोडला) तरी तीच सवलत. अँटीमॅजिक फील्डमध्ये (जादू बंद पाडणाऱ्या क्षेत्रात) शिरलात तर मात्र नाही, म्हणजे तेव्हाही शंभर टक्के गॅरंटी नव्हतीच. पाचव्यामध्ये ही सवलत काढून टाकली आणि ती लेव्हिटेटकडे (हवेत वर उचलणाऱ्या स्पेलकडे) राहिली, तो संपला की हलकेच जमिनीवर उतरता. विंग्ड बूट्स या उडवणाऱ्या जादुई बुटांचंही तसंच, वेळ संपली तर ३० फूट दर राउंडने खाली येता. या तीन गोष्टींची खिचडी करून लोक ती फ्लायच्या नावावर खपवतायत.

तिसरा मुद्दा तर अजून मजेशीर आहे, पुढच्या टर्नला सावरायचं म्हणे. हे २०१७ च्या झानाथर्स गाइड या डीएनडीच्या पुस्तकातल्या ऑप्शनल नियमावरून उचललंय. तो नियम कुणासाठी आहे बघा: उडता येणारा प्राणी प्रोन झाल्यामुळे पडतोय, पण शुद्धीवर आहे आणि स्पीड ० पेक्षा जास्त आहे. त्याने पंख फडफडवून वेग कमी केला असं धरून पडलेल्या अंतरातून त्याचा फ्लाइंग स्पीड वजा करायचा आणि मग डॅमेज काढायचा. आणि पुढच्या टर्नलाही तो पडतच असेल तर अर्धा स्पीड खर्च करून हवेतच सावरायचं. आता फ्लायवाला प्रोन होऊन पडतच नाही हे पहिल्याच मुद्द्यात तुम्हीच सांगितलंत! तो पडतो ते स्पेल गेल्यावर, आणि स्पेल गेला की फ्लाइंग स्पीडच उरत नाही, मग वजा काय करणार? शिवाय त्याच पुस्तकात पडण्याचा वेग दिलाय, पहिल्याच झटक्यात ५०० फूट. म्हणजे तुम्ही ५०० फुटांच्या वर नसाल तर पुढचा टर्न येईपर्यंत तुम्ही जमिनीवर आहात, सावरायचं कुठे.

आता फीदर फॉल. पहिल्या लेव्हलचा स्पेल, रिअॅक्शनने (दुसऱ्याच्या पाळीतही लगेच) टाकायचा, कॉन्सन्ट्रेशन नाही, एका वेळी पाच जण, ६० फूट दर राउंड, एक मिनिट. वर सांगितलेला तिघांचा अपघात या एका स्वस्त स्लॉटमध्ये निस्तरतो. फायटर २०० फुटांवरून पडला तर २०डी६, सरासरी ७०, त्याच्यापुढे पहिल्या लेव्हलचा स्लॉट वाया म्हणणाऱ्याला काय बोलायचं. पण फीदर फॉलही जादूची कांडी नाही, हे त्याचे फॅन विसरतात. एक मिनिट म्हणजे १० राउंड म्हणजे ६०० फूट, १००० फुटांवरून आलात तर शेवटचे ४०० फूट तुमचे तुम्ही. आणि रेंज ६० फूट. जमिनीवरचा विझार्ड १२० फुटांवरच्या फायटरला पडायला सुरुवात होते त्या क्षणी पोचतच नाही. खाली येताना तो ६० फुटांच्या आत येईलच की, तेव्हा टाकू द्यावा असं बरेच डीएम म्हणतात, मलाही तेच पटतं, पण शब्दशः वाचणारा डीएम नाही म्हणू शकतो, तेव्हा सेशनच्या आधीच विचारून घ्या.

सगळीकडे हेच लागू हे वाक्य तर सोडूनच द्या. पाथफाइंडर दुसऱ्या एडिशनमध्ये टर्नच्या शेवटी हवेत असाल आणि त्या राउंडमध्ये फ्लाय अॅक्शन वापरली नसेल तर पडता. उडताना प्रोन केलं तरी पडता, स्पेल चालू असला तरीसुद्धा. डॅमेज जितकं अंतर पडलात त्याच्या निम्मं, डाइस नाहीत, १२० फुटांना सरळ ६०. पण तिथे अरेस्ट अ फॉल नावाची रिअॅक्शन आहे, फ्लाय स्पीड असेल तर अॅक्रोबॅटिक्सचा (कसरतीचा) डीसी १५ चा चेक मारून (डाइस टाकून) डॅमेज टाळता येतो. म्हणजे त्या मेसेजमधलं सावरणं खरं तर तिथे थोडंफार आहे, आणि न पडणं तिथेच नाही.

शत्रूकडे विझार्ड असेल तर अजून एक गोष्ट. स्पेल मोडणाऱ्या डिस्पेल मॅजिकची रेंज १२० फूट, आणि तिसऱ्या लेव्हलने टाकलेला फ्लाय त्याच्यापुढे चेकशिवाय जातो, चौथ्या किंवा वरच्या स्लॉटने टाकला असेल तर निदान त्याला चेक तरी मारावा लागतो. तो त्याची अॅक्शन वापरून तुमचा फ्लाय उडवणार, तुम्ही रिअॅक्शनने फीदर फॉल टाकणार, आणि त्याची स्वतःची रिअॅक्शन अजून शिल्लकच आहे, तिने तो काउंटरस्पेल (दुसऱ्याचा स्पेल टाकतानाच हाणून पाडणारा स्पेल) मारणार. २०१४ च्या नियमात पहिल्या लेव्हलचा स्पेल तिथेच गेला, २०२४ मध्ये निदान तुम्हाला कॉन्स्टिट्यूशन सेव्ह मिळतो. काउंटरस्पेलची रेंज मात्र ६० फूटच आहे, त्यामुळे उडायचंच असेल तर त्याच्यापासून ६५ फूट लांब उडा.