जंग जू-रीचं नाव राहिलं की!
लेख आवडला, पण नव्या कोरियन दिग्दर्शकांवर लिहिताय आणि जंग जू-री नाही? तिचा २०१४ चा 'अ गर्ल ॲट माय डोर' बघा, बाईवर प्रेम केलं म्हणून सोलहून समुद्रकाठच्या गावात बदली झालेली पोलीस अधिकारी, घरी मार खाणारी पोरगी, कागदपत्रं नसलेले परदेशी मजूर, आणि त्या मजुरांवर गावाचा धंदा चालतो म्हणून त्यांना कामाला ठेवणाऱ्या त्या पोरीच्या दारुड्या सावत्र बापाला कुणी काही बोलत नाही, हे सगळं ती भाषणबाजी न करता दाखवते. पोलीस अधिकारी झालेल्या बे डूनाने तर यात एक पैसा न घेता काम केलंय!

मग थेट २०२२ ला 'नेक्स्ट सोही'. शाळेनेच कॉल सेंटरला ट्रेनी म्हणून धाडलेली मुलगी, काम काय तर इंटरनेट बंद करा म्हणणाऱ्या गिऱ्हाइकांना बंद करू द्यायचं नाही. कोरियातल्या जोंजू शहरातल्या २०१७ च्या खऱ्या घटनेवर आहे. ती मुलगी अर्ध्या सिनेमातच मरते, मग तपास करणारी पोलीसबाई ऑफिसं फिरत बसते आणि जो तो आपापले आकडे पुढे करतो, कंपनीचे टार्गेटचे, शाळेचे प्लेसमेंटचे. हा भाग बऱ्याच जणांना लांबलेला वाटतो, मला तोच जास्त आवडला, रडू नाही येत, नुसती चीड येते. पुढच्या लेखात घ्याच तिला.