जेफरसन लाँग : दीड महिन्याच्या खासदारावर एवढं कशाला?

नमस्कार. जॉर्जियाचे कृष्णवर्णीय खासदार जेफरसन लाँग यांच्यावरच्या माझ्या लेखाबद्दल इतकं सविस्तर लिहिलंत, आभार. तुमचे आक्षेप दोन. जेमतेम दीड महिना अमेरिकी काँग्रेसमध्ये, म्हणजे तिथल्या संसदेत, बसलेल्या, नावावर एकही कायदा नसलेल्या माणसावर एवढा लेख कशाला? आणि प्रतिनिधिगृहात, म्हणजे काँग्रेसच्या कनिष्ठ सभागृहात, बोलणारे पहिले कृष्णवर्णीय लाँग नव्हेत, जॉन विलिस मेनार्ड.

दुसरा आक्षेप पूर्ण मान्य. मेनार्ड लुईझियानातून निवडून आले, पण त्यांना जागा दिली गेली नाही. त्या जागेवरचा हक्क मांडायला ते फेब्रुवारी १८६९ मध्ये सभागृहात बोलले. शपथ घेतलेला सदस्य म्हणून बोलणारे पहिले लाँग. माझ्या वाक्यात मेनार्डांवर अन्याय झाला होता, ते वाक्य बदललं आहे.

पहिला आक्षेप मात्र मला पटत नाही. मुदत एवढी तोकडी का होती, ते बघा. सप्टेंबर १८६८ मध्ये जॉर्जियाच्या विधिमंडळाने निवडून आलेल्या कृष्णवर्णीय सदस्यांना बाहेर काढलं. राज्यात पुन्हा लष्करी अंमल आला, जॉर्जियाला काँग्रेसची दारं पुन्हा उघडायला जुलै १८७० उजाडला. डिसेंबरात निवडणूक झाली ती एकाच जागेच्या दोन मुदतींसाठी : चालू सभागृहाचे उरलेले आठवडे आणि पुढची पूर्ण मुदत. रिपब्लिकन पक्षाने उरलेले आठवडे लाँगना दिले, पूर्ण मुदत गोऱ्या उमेदवाराला. ज्या पक्षासाठी हा माणूस जॉर्जियाभर सभा घेत हिंडला, त्याच पक्षाने! हे वाचून मला अजूनही चीड येते.

१६ जानेवारी १८७१ ला ते सभागृहात आले, १ फेब्रुवारीला बोलायला उभे राहिले. गुलामगिरीत जन्मलेले, स्वतःच्या जिद्दीने लिहाय-वाचायला शिकलेले, जॉर्जियातल्या मेकन शहरातले शिंपी. समोर विधेयक होतं ते यादवी युद्धात दक्षिणेच्या बंडात सामील झालेल्यांवरची, सरकारी पदासाठीच्या शपथेची अट सैल करणारं. लाँग म्हणाले, आमच्याकडे देशाशी इमान राखणाऱ्यांना राष्ट्रध्वज घेऊन रस्त्यावरून जायची सोय नाही, आणि कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या दहशतवादी संघटनेचे अत्याचार करणाऱ्यांनाच तुम्ही मोकळीक देताय? विधेयक ११८ विरुद्ध ९० मतांनी मंजूर झालं. सभागृहात रिपब्लिकनांचं बहुमत असताना.

३ मार्चला मुदत संपली. मेकनमधलं त्यांचं दुकान गोऱ्या गिऱ्हाइकांवर चालायचं, ती राजकारणापायी तुटली. तरी १८७२ च्या निवडणुकीत ते कृष्णवर्णीय मतदारांना घेऊन मतदान केंद्रावर गेले. तिथे सशस्त्र गोरे वाट बघत होते. माणसं मेली. लाँग वाचले.

त्यांच्यानंतर जॉर्जियातून कृष्णवर्णीय माणूस प्रतिनिधिगृहात निवडून गेला तो १९७२ मध्ये, अँड्र्यू यंग.