‘आजच बंद करा’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

‘डिप्रेशनच्या गोळ्यांनी माणूस आत्महत्या करतो. एकदा लागल्या की सुटत नाहीत. डॉक्टर साधी तपासणीही करत नाहीत. आजच बंद करा, नैसर्गिक उपाय घ्या.’ हा मेसेज बऱ्याच जणांना आला असेल. त्यातलं बरंचसं अर्धसत्य आहे, म्हणून तर तो पटतो.

आधी आत्महत्येचं. 2004 साली अमेरिकेत औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या एफडीए या सरकारी संस्थेने या गोळ्यांवर काळ्या चौकटीतला इशारा छापायला लावला, हे खरं. मुलं आणि किशोरवयीनांवरच्या 24 चाचण्या एकत्र पाहिल्यावर आत्महत्येचे विचार किंवा तसं वागणं गोळी घेणाऱ्यांत सुमारे 4 टक्के आढळलं, औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांत 2 टक्के. प्रत्यक्ष आत्महत्या त्या चाचण्यांत एकही नव्हती. 2007 मध्ये इशारा 24 वर्षांपर्यंतच्या तरुणांना लागू झाला. पासष्टीपुढच्यांत धोका उलट कमी दिसला. गोळी घेऊच नका, असं ती चौकट सांगत नाही. सुरुवातीचे काही महिने आणि डोस बदलताना लक्ष ठेवा, असं सांगते. मन हलकं व्हायला काही आठवडे लागतात, त्रास मात्र पहिल्या काही दिवसांतच सुरू होऊ शकतो. माणूस एका जागी बसेना, रात्रभर येरझाऱ्या घालू लागला, उगाच खेकसू लागला, किंवा झोप नसतानाही भलताच उत्साहात बोलत सुटला, तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करायचा. मरणाची भाषा आली तर त्याला एकटं सोडायचं नाही, थेट तातडीच्या विभागात न्यायचं.

‘सुटत नाहीत’ म्हणाल, तर या गोळ्यांची तलफ येत नाही. पण एकदम थांबवल्या तर चक्कर, मळमळ, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखं होतं. यातल्या पॅरॉक्सेटीन आणि व्हेनलाफॅक्सीन या गोळ्यांमध्ये हे जास्त, फ्लुओक्सेटीनमध्ये कमी. त्यावर उपाय म्हणजे डॉक्टरांना विचारून डोस हळूहळू उतरवणं, कधी कधी काही महिने. मेसेज नेमका याच्या उलट सल्ला देतो!

तपासण्या सगळ्यांना लागत नाहीत. वय जास्त असेल, त्यात बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, तर रक्तातलं सोडियम बघायला हवं, कारण या गोळ्यांनी ते घसरू शकतं. सिटालोप्रॅम या डिप्रेशनच्याच गोळीने हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडू शकते, म्हणून साठीपुढे डोस दिवसाला 20 मिलिग्रॅमच्या वर नेत नाहीत. व्हेनलाफॅक्सीनवर बीपी मोजत राहायचं. डॉक्टरांनी यातलं काही विचारलं नाही, तर आपण विचारावं.

राहिला नैसर्गिक उपाय. सेंट जॉन्स वर्ट ही वनस्पतीच आहे, पण या गोळ्यांसोबत घेतली तर शरीरात सेरोटोनिन, म्हणजे या गोळ्या मेंदूत वाढवतात ते रसायन, धोकादायक पातळीला जाऊ शकतं. वेदनाशामक ट्रामाडॉलचंही तेच. ताप, दरदरून घाम, थरथर, स्नायू ताठरणं आणि भ्रमिष्टपणा एकत्र दिसले, तर हॉस्पिटल गाठायचं आणि चालू असलेल्या प्रत्येक औषधाची पट्टी, काढ्याची बाटलीसुद्धा, सोबत न्यायची.