परदेशातून: पुतणीचा प्रवेश

गेल्या आठवड्यात दादाचा कोल्हापूरहून फोन आला. पुतणीला शिवाजी विद्यापीठात पत्रकारिता शिकायचीय, आणि घरात दोन तट पडलेत. दादा म्हणतो, "मोबाईल हाय की हातात, चॅनेल काढ म्हणावं. त्याला डिग्री कशाला पायजे?" वहिनींना मात्र विद्यापीठाचा कागद हवा. मी पडलो जर्मनीतला शहाणा, म्हणून कौल माझ्याकडे.

मी डॉर्टमुंडला असतो. इथल्या सरकारी विद्यापीठात पत्रकारितेच्या पदवीतच वर्षभराची उमेदवारी, म्हणजे इंटर्नशिप, सक्तीची आहे, आणि तिला पगार मिळतो. शिकवणीची फी नाही, सत्राची वर्गणी तेवढी. त्यामुळे पदवी की अनुभव, हा आपल्याकडचा वाद इथं कुणाला सांगितला तर कळतच नाही.

"मग तिलाच तिकडं बोलव," दादा म्हणाला. तसंही नाही. २०१३ साली याच शहरातल्या 'वेस्टफेलिशे रुंडशाउ' या दैनिकानं शंभराहून जास्त पत्रकार घरी पाठवले. पेपर निघत राहिला, पण मजकूर दुसऱ्यांचा, त्यात प्रतिस्पर्ध्याचासुद्धा! उत्तम शिक्षणानं नोकरी टिकते असं इथंही नाही.

तरी दादाचं मला पटत नाही. १८८२ साली कोल्हापूर संस्थानचे कारभारी बर्वे यांच्यावरच्या लिखाणापायी टिळक-आगरकरांना डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. तळमळ खरी होती. आधाराला घेतलेली पत्रं बनावट निघाली. एवढ्या विद्वानांना जे चकवू शकलं, ते व्हॉट्सअॅपवरचा फोटो पुढं ढकलणाऱ्या पोराला चकवणार नाही? कागद पारखणं शिकावं लागतं, आणि ते शिकवता येतं.

खरी अडचण पैशाची. मी स्वतः एका दैनिकात आठ महिने बिनपगारी राबलो. पेट्रोल माझं, बातमी त्यांची. "अनुभव मिळतोय की," हे वर. ज्याच्या घरी दोन वेळची सोय आहे तोच असा अनुभव घेणार. शेतमजुराची मुलगी कुठून घेणार? १९२० साली बाबासाहेब आंबेडकरांचं 'मूकनायक' हे पत्र निघालं तेव्हा शाहू महाराजांनी २५०० रुपये दिले होते. आवाज उठवायलाही भांडवल लागतं, हे त्या राजाला कळत होतं. उमेदवारीचा पगार निम्मा सरकारनं, निम्मा पेपरांनी उचलावा, असं मला वाटतं.

पुतणीला मी प्रवेश घे म्हणून सांगितलं, आणि उमेदवारीला जाशील तिथं पगाराचं आधी विचार, असंही. रात्री तिचा मेसेज आला: "काका, पगार विचारला तर पेपरवाले घेतील न्हवं?"