बालमजुरी म्हणण्याआधी: ‘एक आई’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

‘एक आई’ या नावाने लिहिणाऱ्या वाचक बाईंना,

दिवाळीच्या आवराआवरीत मुलांना सामील करून घ्यावं, या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत: “दहा वर्षांच्या मुलीला डबे घासायला बसवणं ही सरळसरळ बालमजुरी आहे. तिला संस्कार म्हटलं की ती गोड होत नाही. आधी स्वतःच्या मुलांची दया येऊ द्या, मग लोकांना शिकवा.” पुढे परीक्षा, धूळ, केमिकल, मुलगा-मुलगी भेद, आणि शेवटी “सफाईला माणसं मिळतात, पैसे टाका” हा सल्ला.

मतभेदाला माझी ना नाही. पण “दया येऊ द्या” हे तुम्ही अशा बाईला सांगताय, जिच्या घराचा उंबरा तुम्ही ओलांडलेला नाही आणि जिच्या मुलीशी एक शब्द बोललेला नाहीत. हळदीकुंकवाला समोरासमोर भेटलो असतो तर हेच वाक्य बोलला असतात का? मला नाही वाटत. टोपणनाव घेतलं की जीभ सैल सुटते, हे बरं नव्हे.

आता बालमजुरी. हा शब्द मला झोंबला आणि का झोंबला तेही सांगते. माझे वडील लालबागच्या एका कापड गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते. 18 जानेवारी 1982 ला कामगार नेते दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि आमच्या चाळीतल्या कितीतरी घरांसारखी आमच्याही घरी चूल पेटायची पंचाईत झाली. मी तिसरीत होते. भाऊ आठवीत. दिवाळीच्या सुट्टीनंतर तो शाळेत गेलाच नाही. पहाटेपासून एका हॉटेलात कपबशा विसळायचा, सोड्याच्या पाण्याने बोटांची सालपटं निघायची, आणि हातातून बशी पडली की पगारातून पैसे कापले जायचे. त्याची शाळा सुटली ती सुटलीच. त्याला बालमजुरी म्हणतात, बाई. तो शब्द आमच्या घरात राहून गेलाय. पितळेच्या चार डब्यांसाठी तो वापरलेला मला चालणार नाही.

त्याच दिवाळीत आम्ही खोलीही आवरली होती. मोरीवरच्या माळ्यावरून आईने ट्रंका खाली दिल्या, मी आतल्या गोधड्या गॅलरीत उन्हात टाकल्या. रात्री कामावरून आल्यावर भाऊ चिंच घेऊन डबे घासायला बसला. आई नको म्हणत होती. तो उठला नाही. हॉटेलात दिवसभर गप्प राहणारा माझा भाऊ त्या रात्री सगळ्यांत जास्त बोलला, शेजारच्या मुलांना कंदिलाच्या काड्या बांधून देईपर्यंत जागा राहिला. हात तेच, सोललेले. पण इथे पगार कापणारं कोणी नव्हतं आणि घर त्याचं होतं. हा फरक मला आठव्या वर्षी कळला.

कायदाही हेच म्हणतो. 1986 च्या बालकामगार कायद्यात 2016 साली दुरुस्ती झाली. तिच्यानुसार 14 वर्षांखालच्या मुलांना कुठल्याही कामाला जुंपायला बंदी आहे. सूट आहे ती शाळेच्या वेळेनंतर आणि सुट्टीत घरच्यांना केलेल्या मदतीला. घरच्या धंद्याच्या नावाखाली या सवलतीतून मुलं राबवली जातात, अशी टीका झाली आणि ती रास्तच आहे. तुमचा राग तिथे हवा.

“या वयात मुलांनी फक्त खेळावं” असंही तुम्ही ओघात लिहिलंय. माँटेसरी बाईंनी 1907 मध्ये रोमच्या गरीब वस्तीत पहिलं ‘बालगृह’, म्हणजे लहान मुलांची शाळा काढली. त्यांच्या पद्धतीत टेबल पुसणं, झाडणं, पितळ चकचकीत करणं हे शिक्षणच आहे, आणि मुलं त्यात किती रमतात ते कुठल्याही चांगल्या बालवाडीत जाऊन बघा. माझी मुलगी डाळींचे डबे रिकामे करून, पुसून, नव्याने चिठ्ठ्या चिकटवते तेव्हा तिला मध्ये बोललेलं खपत नाही. जुन्या वह्यांतली कोरी पानं काढून कच्ची वही शिवायची, हे तिनेच सुरू केलं.

बाकीचं थोडक्यात. धुळीबद्दल तुमचं खरं आहे: ज्या मुलाला दमा किंवा ॲलर्जी आहे त्याच्या हातात जळमटांचा झाडू देऊ नये. केमिकलचं मात्र लेखातच आहे. टॉयलेटचं ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र आली की क्लोरीन वायू सुटतो, म्हणून संडास-बाथरूम मोठ्यांनीच करायचं, मुलांना माळ्यावर चढवायचं नाही, हे मी लिहिलं होतं. तुम्ही तिथवर वाचलंत का? परीक्षा संपल्यावरच आम्ही आवरायला घेतो. आणि माझा मुलगा पंखे पुसतो, तेव्हा मुलगा-मुलगी भेदाचा मुद्दा इथे उगाच ओढलात.

राहिलं “माणसं मिळतात, पैसे टाका”. मिळतात ना. दिवाळीच्या आधी सफाईला येणाऱ्या बाईबरोबर पुष्कळदा तिची मुलगीही येते, शाळा बुडवून, आणि ती पंखे पुसत असते तेव्हा अख्ख्या बिल्डिंगमध्ये कोणाला बालमजुरी आठवत नाही. आमच्या मजल्यावरच्या आम्ही काही जणींनी ठरवलंय: आईला काम द्यायचं, ठरलेले पैसे पूर्ण द्यायचे, मुलीच्या हातात फडकं द्यायचं नाही. तुमच्याकडे काय करता, ते जरूर कळवा. या वेळी नाव घालून.